आधी पाठ बघणारी मेहुणी

माझी मोठी मेहुणी जगातल्या कुठल्याही प्राण्याची आधी पाठ बघते. तोंड नंतर, तेही वेळ उरला तर. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता तिला गोड्या पाण्यातल्या कासवांचं वेड लागलं. एकाच जातीचं कासव, पण वाहत्या नदीतलं बरेचदा चपटं असतं आणि साचल्या तळ्यातलं फुगीर, हे तिने आम्हाला जेवताना पुऱ्यांवरून समजावलंय. तेव्हापासून आमच्याकडे न फुगलेल्या पुरीला कोणी नावं ठेवत नाही, 'नदीतली' म्हणून वाढतात. आमचं लग्न ठरताना बाकीचे माझं शिक्षण विचारत होते, ही माझ्यामागे जाऊन उभी राहिली आणि बहिणीला म्हणाली, "चपटा आहे गं. वाहत्या पाण्यातला. एका नोकरीत टिकायचा नाही." त्यानंतर मी तीन नोकऱ्या बदलल्या.

मध्यंतरी तिच्या जोगेश्वरीच्या सोसायटीत कारंज्याच्या हौदात एक कासव सापडलं. कोणीतरी पाळून, कंटाळून टाकलेलं. सेक्रेटरींनी ते वर्सोव्याला समुद्रात सोडायचं ठरवलं. हार आला, पेढे आले. मेहुणी गाऊनवरच खाली धावली.

"अहो, खाऱ्या पाण्यात मरेल ते!"

"मॅडम, कासव आहे. पोहतं ना!"

"तुम्हीही पोहता ना? मग सोडू का तुम्हाला समुद्रात, मढपर्यंत पोहत जायला?"

तिने कासव बादलीत घातलं, वनखात्याला फोन केला आणि "भावोजी, पहारा द्यायचाय, या" म्हणून मला घाटकोपरहून बोलावलं. मी पोचलो तेव्हा ती बादलीशेजारी खुर्ची टाकून बसली होती आणि दोन आजी कासवासकट तिलाही प्रदक्षिणा घालत होत्या. वनखात्याची माणसं आल्यावर तिने कवचाची मापं दाखवून बजावलं, "तळ्यातलं आहे हे. नदीत सोडलंत तर पुरात वाट लागेल त्याची."

त्यांनी ऐकलं. कासवाची तपासणी झाली, आणि सोडायच्या दिवशी तिलाही बोलावलं. मुलीची पाठवणी असावी तशी ती इस्त्रीची साडी नेसून, मला घेऊन गेली. तळ्याकाठी कासव बराच वेळ मान आत घेऊन बसलं. मग उठलं आणि सरळ पाण्यात गेलं. थोडे बुडबुडे आले, मग तेही थांबले.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "भावोजी, करमेल ना हो त्याला तिथे?"

प्राणिशास्त्र शिकवणारी बाई हे मला विचारत होती. कासवातलं मला काय कळतंय? पण मी म्हटलं, "करमेल." तेव्हा कुठे ती डोळे मिटून मागे टेकली.