डाळमिल पाहायला गेलो तेव्हा

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, शेगडी आणि संडास बसवून घेतला. गावोगावचा इतिहास आणि कारखाने बघत हिंडायचं, असा माझा बेत होता.

एरंडोलच्या अलीकडे एका डाळमिलपुढे थांबलो. तिथल्या म्हाताऱ्या मुकादमाला म्हटलं, "आबा, मिल दाखवाल का?"

आबांनी आमच्या गाडीत डोकावून पाहिलं, मिलच्या आत हाळी दिली आणि यंत्रं बंद झाली. सगळे कामगार चपला काढून रांगेनं गाडीत शिरले. मी मुकाट्यानं पाण्याची टाकी दाखवू लागलो. गाडीचा इतिहासही त्यांनी विचारला. पूर्वी हिच्यातून लग्नाची वऱ्हाडं जायची, असं सांगितल्यावर माना डोलल्या. बायका कुंकू लावून घेतल्याशिवाय उतरेनात, पुरुष चहाशिवाय. आमच्या पातेल्यात एका वेळी दोनच कप मावत. बायको माझ्याकडे बघेना.

शेवटचा कप संपला तेव्हा मिलची सुटी झाली होती. आबा फाटकाला कुलूप घालू लागले.

मी चिडून म्हणालो, "अहो आबा, आणि मिल?"

आबांनी मिशा पुसल्या. "मिलमा काय शे, भाऊ? डाळ शे."