मूठभर कण्या

पृथ्वीच्या पाठीवर आहाराविषयी जे जे छापलं गेलं ते सगळं आमच्या शेजारच्या बाईंनी वाचलेलं आहे, आणि त्यातलं निम्मं आम्ही खाल्लेलं आहे. बाई सावली गावच्या शाळेतून निवृत्त झाल्या, पण शिकवणं सुटलं नाही. विद्यार्थी तेवढे बदलले. कुरियरवाला दिसला की त्या फाटकातच पाकीट फाडतात, उभ्या उभ्या पहिलं प्रकरण संपवतात आणि कुंपणावरून ओरडतात, "भाऊ, पॉलिशचा तांदूळ आजपासून बंद!" त्या आठवड्यात आमच्याकडे हातसडीचा भात शिजतो. पुढच्या पुस्तकात भातच वर्ज्य असतो. धानाच्या पट्ट्यात राहून भात सोडायचा म्हणजे कमालच. पण बाईंचा उत्साह असा की माणूस दोन दिवस सोडतोसुद्धा.

मात्र त्यांना भोळ्या समजू नये. पुस्तकांशी त्या कडाडून भांडतात. शेवग्याच्या पाल्याची भुकटी कशी अमृत आहे हे सांगणारं एक गुळगुळीत, महागडं पुस्तक त्यांनी परसातल्या शेवग्याखाली नेऊन उघडं धरलं आणि झाडाला म्हणाल्या, "पाह्य, तुहा फोटो आला!" समासात लाल पेनने त्यांचा एकच शेरा असतो: "कोणाले विचारलं?" वर्गात जन्मभर प्रमाण भाषा बोललेल्या बाई उत्साहात आणि संतापात इकडच्या झाडीबोलीवर येतात. जंगलाकाठच्या मोहर्लीच्या रिसॉर्टमध्ये दोन रात्री काढून रानभाज्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्याच्या वाट्याला हा शेरा पानोपानी.

अखेर त्यांनी स्वतःच पुस्तक लिहायला घेतलं. इकडचा घरचा स्वयंपाक, आणि प्रत्येक माप ग्रॅममध्ये! 'अंदाजे', 'मूठभर' हे शब्द म्हणजे त्यांच्या मते निव्वळ आळस. पर्समध्ये बॅटरीवर चालणारा छोटा वजनकाटा. एका लग्नात आचारी उकळत्या वरणाच्या गंजावर मिठाची मूठ धरून उभा होता. बाईंनी त्याचं मनगट पकडलं.

"मूठ उघडू नका भाऊ! पहिले काट्यावर!"

"बाई, वरण बुडाले लागून राह्यलं, मूठ सोडा ना माही!"

वरण लागलंच. बाईंच्या वहीतला आकडा मात्र दशांशापर्यंत अचूक होता.

पुस्तक पूर्ण झालं, एक पान सोडून: आईच्या हातची अंबाडीची भाजी. आई जाऊन बरीच वर्षं झाली. ती भाजीत तांदळाच्या कण्या मुठीने टाकायची, आणि तेव्हा बाईंकडे काटा नव्हता. त्या पानाशिवाय पुस्तक छापायचं नाही असा त्यांचा हट्ट, म्हणून प्रयोग सुरू झाले. परीक्षक त्यांचे थोरले भाऊ. दर रविवारी वैनगंगेकाठच्या गावाहून यायचे, ताट चाटूनपुसून साफ करायचे आणि म्हणायचे, "भाजी बेस हाय. मायची नाई." कण्या चाळीस ग्रॅम झाल्या, पन्नास झाल्या, पंचावन्न झाल्या. निकाल तोच. मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे असल्यामुळे दर रविवारी मलाही अंबाडी.

दहाव्या रविवारी ऐन वेळी काट्याची बॅटरी संपली. दुकानं बंद, भाजीला उकळी आलेली, आणि बाहेरून थोरल्या भावांची हाक, "झालं का वं? पोट बोंबलून राह्यलं!" बाईंनी चिडून डब्यात हात घातला आणि कण्या पातेल्यात भिरकावल्या.

भावांनी पहिला घास घेतला आणि ते थांबले. दुसरा घेतला. मग ताटाकडे बघतच हळू म्हणाले, "हे मायचीच हाय."

बाई लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत उठल्या आणि माझ्याकडे वळल्या. "भाऊ, लिवा! लिवा!"

मी पेन उघडलं. "कण्या किती ग्रॅम?"

खोलीत कोणालाच माहीत नव्हतं.

सोमवारी नवी बॅटरी आली. बाईंनी त्या दिवशी वीस मुठी भरल्या आणि तोलल्या, वीसही वेगळ्या. काट्याकडे बघत भरलेली एकही मूठ आईची होत नव्हती.

महिन्याभराने शेवटचं मुद्रित माझ्या हातात आलं. सगळ्या पुस्तकात एकाच ठिकाणी ग्रॅम नव्हते. 'कण्या: एक मूठ.' बाईंच्याच नियमाप्रमाणे मी समासात विचारलं, "किती ग्रॅम?" दुसऱ्या दिवशी पान परत आलं. खाली लाल पेनने लिहिलं होतं:

"मायले विचारलं. ती मूठच म्हणते."

मी माझं प्रश्नचिन्ह खोडलं आणि पान छापायला धाडलं.