विभूती लावलेला पॉवर सप्लाय

परवा मंगळवारी सकाळी उदगीरच्या आमच्या घरात 'फट्' असा आवाज झाला आणि माझा कॉम्प्युटर गेला... लाइट एकदम वाढून जाणं इथं नेहमीचंच. जळका वास आला म्हणजे पॉवर सप्लाय उडाला, एवढं आता मलाही कळतं.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. लातूरहून नवा सप्लाय मागवला, स्वतःच बसवला, विंडोज सुरू झालं. स्वतःलाच शाबासकी दिली आणि बघते तर लग्नांचे दोन्ही ड्राइव्ह गायब.

एकावर मूळ शूटिंग, दुसऱ्यावर त्याचा बॅकअप. बॅकअप घेण्याइतकी मी शहाणी आहे... फक्त दोन्ही एकाच डब्यात ठेवण्याइतकीही.

त्यात जळकोटच्या एका सरांच्या मुलीचं लग्न होतं. सरांच्या थोरल्या भावानं मोलमजुरी करून सरांना शिकवलेलं. मंगलपरिणय झाल्यावर कुणीतरी या दादांच्या हातात माइक दिला. ते म्हणाले, "मला बोलाया येत न्हाई. पोरगी शिकली, माझं भाषण झालं." आणि माइक परत देऊन टाकला.

लग्नानंतर काही दिवसांतच दादांना लकवा मारला आणि वाचा गेली. सर फोनवर म्हणाले होते, "ताई, बाकीचं कधीबी द्या. दादाचं तेवढं आधी द्या."

वायरी काढून परत लावल्या, पोर्ट बदलले, बायोसमध्ये पाहिलं. ड्राइव्हवर हात ठेवला तर एरवी जाणवणारी ती बारीक थरथर नव्हती. दोन्ही जळाले असं धरून चालले. दुपारी सरांचा फोन आला तो मी उचलला नाही.

मग शांत बसून एका फोरमवर वाचत गेले... आमच्या धंद्यात एक सवय आहे. एक्स्टर्नल हार्डडिस्क सेलमध्ये घ्यायची, प्लास्टिकचं खोकं फोडायचं आणि आतला ड्राइव्ह कॅबिनेटमध्ये बसवायचा. स्वस्तात पडतं. माझे दोन्ही तसलेच.

अशा काही ड्राइव्हना नव्या सप्लायच्या वायरीतून एका पिनवर जो करंट येतो, तो म्हणजे 'बंद राहा' असा हुकूम वाटतो. माझ्या जुन्या सप्लायला अशा वायरी कमी, म्हणून मधे चार पिनांचे कन्व्हर्टर लावलेले होते, त्यातून तो करंट येतच नव्हता. नव्याला वायरी भरपूर, म्हणून मी थेट जोडलं.

म्हणजे ड्राइव्ह जिवंत होते. हवे होते ते जुने कन्व्हर्टर. गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात म्हणाले, आता कोण वापरतंय, मागवावं लागेल. त्या पिनवर टेप चिकटवायचाही उपाय होता, पण त्या ड्राइव्हला हात लावायची हिंमत होईना.

कन्व्हर्टर जुन्या सप्लायला लटकलेले होते आणि तो मी दाराजवळ भंगाराच्या पिशवीत टाकला होता. जाऊन बघते तर पिशवी नाही. भंगारवाला येऊन गेला होता.

धावत आमच्या दुकानात गेले. आमचे सासरे, अप्पा, किराणा दुकान चालवतात. खंडेनवमीला तागडीवर विभूतीची तीन बोटं ओढतात, तशीच माझ्या कॅबिनेटवरही. पुढची काच खराब होते म्हणून मी दरवर्षी त्यांच्यासमोर मागची बाजू करते... आणि पॉवर सप्लाय असतो तो नेमका मागेच.

"अप्पा, ती पिशवी दिली का?"

"पिशवी दिली. त्यातला डबा न्हाई दिला, माय. त्याच्यावर विभूतीची बोटं हायत. पुजलेलं भंगारात देत नसतेत."

फळीवर, मोडक्या जुन्या तागडीशेजारी, सप्लाय ठेवलेला होता. कन्व्हर्टरसकट.

ते लावले. दोन्ही ड्राइव्ह थरथरले आणि स्क्रीनवर आले. सगळ्यात आधी दादांची क्लिप काढून सरांना पाठवली.

अप्पांना सांगितलं की तुम्ही ठेवलंत म्हणून काम झालं. वाटलं, आता मला चार शब्द ऐकवतील. ते पुडी बांधता बांधता म्हणाले, "कामाला यील म्हनून कुठं ठेवलो? इतके दिस राबलंय की ते. म्हनून ठेवलो."

संध्याकाळी सरांचा मेसेज आला. दादांनी क्लिप बघितली आणि बोटानं खूण केली, पुन्हा लाव.

मी फारशी देवधर्मातली नाही, आणि या सगळ्यामुळे झालेही नाही. पण येत्या खंडेनवमीला अप्पांसमोर कॅबिनेटची पुढची बाजू करणार आहे. काच खराब झाली तर होऊ दे.