बंगळूरच्या आधी अकोला

मुलीला बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत काम मिळालं, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "किती वर्षांचं?"

"एका वर्षाचं. काम चांगलं झालं तर वाढेल. तिथूनच पीएचडीचा रस्ता निघतो."

पतसंस्थेत हिशेब तपासत आयुष्य काढलेल्या माणसाला 'वाढेल' हा शब्द पचत नाही. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. राजापेठेतल्या आमच्या घरात मी नुसत्या येरझारा घालत होतो.

काम तिने समजावलं. कॅन्सरच्या गाठीचा पातळ काप घ्यायचा आणि त्यात आजाराशी लढणाऱ्या पेशी कुठे आहेत, त्याचा नकाशा करायचा. "किती आहेत ते मोजून भागत नाही, बाबा. आत शिरल्यात की बाहेरच अडल्यात, ते पाहावं लागतं."

हे पटलं. अडचण वेगळीच होती. आत्याला विचारल्याशिवाय ती एरवीही काही ठरवत नसे, आणि अकोल्याच्या आत्याला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, तोच आजार होता. सगळ्यांना ठाऊक, फक्त तिला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे असंच करतात. 'गाठ' म्हणायचं, पुढचा शब्द काढायचा नाही.

रविवारी एसटीने निघालो. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मी तिला पढवत होतो. "पेशींवर काम आहे म्हण. कोणत्या, ते नको."

"आणि तिने विचारलं तर?"

"नाही विचारणार."

दारातच भाच्याने मला बाजूला घेतलं. "मामा, आईले काई सांगू नका बरं."

ताई बाजेवर बसून मेथी निवडत होती.

"काय वं, बंगलोरले कायचं काम भेटलं?"

"पेशींवर, आत्या."

"कोनाच्या?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी उगाच पंख्याचं बटण दाबलं. पंखा चालूच होता, तो बंद पडला.

"त्याच्याकडं काय पायते? त्याले खोटं बोलता येत नाई. कॅन्सरच्या ना?"

भाचा दारातच थिजला.

"माह्याही गाठीचा तुकडा काढून नेला होता. दवाखान्याच्या पाटीवर केवढ्या मोठ्या अक्षरात लिवलं हाय, मले काय वाचता येत नाई? तुमी सारे गाठ गाठ करून रायले, म्हून मीबी चूप."

"हो, कॅन्सरच्याच," मुलगी म्हणाली.

"मंग तुह्या कामानं मले बरं वाटन काय?"

हो म्हणून टाकावं, असं मला वाटलं. मुलगी मेथीची जुडी घेऊन तिच्याजवळ बसली. "नाही, आत्या. तुला नाही होणार उपयोग. याला फार वर्षं लागतात. पुढे कुणाला झाला तर झाला."

ताईने तिच्या हातातल्या जुडीकडे पाहिलं. "जाड देठं घेऊ नको," म्हणाली. मग म्हणाली, "इतक्या महिन्यात या घरात पयलं खरं तू बोलली. जाय बंगलोरले."

मुलीने तिथेच बसून फोनवरून होकार कळवला. मी दारापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो.

"तू काहून हिंडून रायला?" ताई म्हणाली. "बस इथं. आता तरी विचार मले, लय दुखते काय म्हून."

मी बसलो आणि विचारलं. ती सांगत होती. मधेच उठून बाहेर जावंसं वाटत होतं, पण तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं.