पडद्यावरची लिफ्ट
पार्लरमध्ये काल टाळूला गार जेल लागलं आणि सदाशिव पेठेतला तो दवाखाना आठवला. खराडीत नवव्या मजल्यावर नोकरी लागली होती आणि मला लिफ्टची भीती. जेल लावून डोक्याला मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या वायरी चिकटवलेल्या. मेंदू शांत झाला तरच समोरच्या पडद्यावरच्या लिफ्टचं दार मिटणार होतं. ते अर्ध्यावरच अडलं. "डोकं शांत राहावं म्हणून आईनं तेलसुद्धा लावलंय हो," मी रडवेली झाले. तेलामुळे निसटलेली वायर दाबत डॉक्टरबाई म्हणाल्या, "तेलानं भागलं असतं तर मी घाणाच नसता का टाकला?" मला खुदकन हसू आलं, सुस्कारा सुटला आणि दार मिटलं. आजही लिफ्टचं दार मिटताना छाती धडधडते. पण रोज नऊ मजले त्या घाण्याच्या भरवशावर जाते.