बाबांच्या डाव्या हातातली नदी

फ्रेमवाल्याला मी दोष देत नाही. भावानं सांगितलं, त्यानं कापलं. माझा राग भावावर आहे आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

मैत्रिणीनं जपानहून आणलेली ती लांबलचक कागदाची गुंडाळी होती, लाकडी ठशांनी छापलेली. काळं पाणी, पांढरे काठ आणि नदीनं खाली चाललेली एक होडी. ती भिंतीवर लावायची वस्तूच नव्हे. मांडीवर घ्यायची, डाव्या हातानं थोडी उलगडायची, बघून झालेलं उजव्या हातानं गुंडाळत जायचं.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. कंधार, नायगाव, सगळे रस्ते पाठ. लकव्यानं उजवी बाजू गेली आणि ते उदगीरच्या घरात अंथरुणाला खिळले. म्हणून गुंडाळीची डावी बाजू त्यांच्या हातात, उजवी माझ्या. मी शाळेत शिकवून आले की आम्ही निघायचो. एखादं झाड, एखादं गाव, एखादा पूल. आणखी थोडं बघू म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. "बस. आज हितंच मुक्काम." होडी कुठं लागते ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. उद्याचं वळण कसं असेल यावर त्यांचं जेवण गोड व्हायचं.

मी प्रशिक्षणाला नांदेडला गेले. इकडे घरी पूजा, पाहुणे येणार, भिंत रिकामी. भावानं गुंडाळी लातूरला नेली, चार तुकडे करून काचेत बसवली आणि बाबांच्या खाटेसमोर टांगली. तीही आपल्या वाचायच्या सवयीनं, सुरुवात डावीकडून; चित्र तर उजवीकडून डावीकडं चालतं. त्यामुळं एका फ्रेमचा काठ दुसरीला जुळत नाही.

"गुंडाळून ठेवून कोणाला दिसायलं होतं?" मी परत येऊन जाब विचारला तर तो म्हणाला. "आता बाबाला पडल्यापडल्या सगळं दिसतंय. पाहुणे बी लई भारी म्हणले."

चांगल्या मनानं केलं म्हणे. त्या चांगल्या मनाचीच मला चीड आहे. बाबांना एका शब्दानं विचारायला काय झालं होतं? लकवा हातापायाला झालाय, डोक्याला नाही.

बाबा फ्रेमांकडं बघत नव्हते. डावा हात चादरीची कड धरत होता, सोडत होता. मी भावाला म्हटलं, आत्ताच्या आत्ता उतरव ते.

"ऱ्हाऊ दे," बाबा म्हणाले. "पोचली की होडी. आता सकाळी उठून कशाची वाट बघू, तेवढं सांगा मला."