तळटीपबाई

विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे ‘तळटीपबाई’ म्हणतात. बाईंना ते ठाऊक आहे. कुठलंही पुस्तक हाती आलं की त्या वरचा मजकूर सोडून आधी पानाचा तळ वाचतात. “वर नाटककार बोलतो, खाली संपादक. संपादकच थापाड्या निघाला तर वरच्याचं काय ऐकायचं?” असं त्यांचं म्हणणं.

माझी लेक एका प्राचीन नाटकावर प्रबंध लिहिते आहे. कोणती आवृत्ती आधाराला घ्यायची हे मार्गदर्शकांना कळवायचं होतं आणि तिचं काही ठरेना. झोप उडालेली, चिडचिड वाढलेली. शेवटी मीच तिच्याबरोबर गेले.

बाईंनी तीन आवृत्त्या टेबलावर मांडल्या आणि तिन्हींत नायिकेचं शेवटचं भाषण उघडलं. ही त्यांची पद्धतच. अवघड जागा काढून द्यायची आणि आपण चष्मा पुसत बसायचं.

“ही किती देखणी आहे!” मी मधली उचलली. लेक घरी हीच वापरत होती.

“ताई, मुलगा दिसायला बरा एवढ्यावर लेक द्याल का?”

लेक हसली नाही. तिचं बोट जाड आवृत्तीवर थांबलं होतं. नायिका नवऱ्याला क्षमा करते ती ओळ, जिच्यावर लेकीचं अख्खं प्रकरण उभं होतं, ती तिथे कंसात होती. खाली टीप : हस्तलिखित इथे कसरीनं खाल्लं आहे, ओळ संपादकाने अंदाजाने भरली आहे. देखण्या आवृत्तीनं वाचकांच्या सोयीसाठी कंसच काढून टाकले होते.

मी हातातली देखणी आवृत्ती खाली ठेवली. “बाई, आधीच सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर हिनं मनात मला शिव्या घातल्या असत्या. आता त्या संपादकाला घालील.”

“आई, थांब ना,” लेक म्हणाली. “ती शेवटी काय बोलली हे कुणालाच माहीत नाही. मग संपादकानं तिच्या तोंडी क्षमाच का घातली? शाप का नाही?”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “बघ, आता प्रबंध सुरू झाला.”

“हीच घेते,” लेक जाड आवृत्ती जवळ ओढत म्हणाली.

“प्रकरण परत लिहावं लागेल गं,” मी म्हटलं.

“लागेल की.”

मी निघाले. दारातून वळून पाहिलं, तर दोघी एकाच पानाच्या तळाशी डोकं घालून तावातावानं भांडत होत्या.